घरात एकच कॉम्प्युटर आणि वापरणारे चार, मग ब्राउझर कुठला ठेवायचा

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत कोणाकडे नवीन लॅपटॉप आला की हमखास विचारतात, क्रोम टाकू का आहे ते एजच राहू दे, आणि नेटवर शोधायला गेलं की टॉप टेन ब्राउझरवाल्या याद्या मिळतात ज्यात दहाच्या दहा चांगलेच असतात, मग वाचून करायचं काय. घरच्या कॉम्प्युटरचं गणित वेगळं असतं बघा. ऑफिसात एक माणूस एक मशीन, इथे सकाळी आजोबा पेपर वाचणार, दुपारी मुलगी कॉलेजचं प्रोजेक्ट करणार, रात्री कोणीतरी लाईटबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स भरणार. त्यामुळे जगातला सगळ्यात भारी ब्राउझर कुठला हे सोडा, तुमच्या घरात कोण कशासाठी बसतं ते आधी बघा. माझं मत आत्ताच सांगून टाकतो, दोन ठेवा, दोनच, आणि ते दोन वेगवेगळ्या इंजिनाचे पाहिजेत.

इंजिन म्हणजे वेबसाइटचा कोड वाचून पान दाखवणारा आतला भाग. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, व्हिवाल्डी ही नावं पाच असली तरी आत सगळ्यांच्या क्रोमियमच आहे, म्हणजे गूगलने सुरू केलेला एकच सामायिक गाभा. ऑपेरा २०१३ मध्ये तिकडे गेला, एज आधी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या इंजिनवर चालायचा तो पण जानेवारी २०२० पासून क्रोमियमवर आला. विंडोजवर वेगळं इंजिन असलेला मोठा ब्राउझर आता एकच उरलाय, फायरफॉक्स, त्याचं इंजिन गेको. आता समजा पैसे भरायचं पान क्रोममध्ये अडकलं, तुम्ही ब्रेव्हमध्ये गेलात, तिथेही अडकलं, मग ऑपेरा टाकलात, तर बऱ्याचदा तोच अडथळा परत समोर येतो, कारण एकाच टाकीला चार नळ लावले तरी टाकी रिकामी झाली की चारही कोरडेच. म्हणून एक क्रोमियमवाला आणि एक फायरफॉक्स अशी जोडी ठेवली तर एकात अडलेलं काम दुसऱ्यात होण्याची शक्यता खरोखर असते.

आता मशीन बघा. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात सगळ्यात खाली अबाउट, तिथे विंडोज कुठलं आणि रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, किती ते लिहिलेलं असतं. विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर निवडायला फारसं काही शिल्लकच नाही, क्रोमचं १०९ हे त्यांच्यासाठी शेवटचं व्हर्जन, २०२३ च्या सुरुवातीलाच तो रस्ता बंद झाला, फायरफॉक्सची गाडी पण त्यांच्यासाठी ११५ वर थांबली. अशा मशीनवर गाणी ऐका, फोटो बघा, पण बँक उघडू नका, मी हे घरोघरी सांगतो आणि परत सांगीन. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ब्राउझरवाल्यांनी त्याच दिवशी हात झटकले असं नाही झालं पण तिथेही पुढचा विचार सुरू करा, आणि नवीन मशीन घेणं परवडत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघा, त्यात फायरफॉक्स आधीपासूनच असतो.

रॅम ४ जीबी असेल तर लोक विचारतात सगळ्यात हलका ब्राउझर कुठला. खरं सांगू का, आजच्या ब्राउझरांमध्ये तेवढा जमीन अस्मानाचा फरक नाहीये, कारण एक साइट दुसऱ्या साइटची माहिती चोरू नये म्हणून सगळेच आता वेगवेगळ्या साइटना वेगवेगळी प्रोसेस देतात आणि त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. फरक पडतो तो उघड्या टॅबनी आणि एक्स्टेन्शननी, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामनी. तुम्हीच मोजून बघा ना, दोन्ही ब्राउझरमध्ये आळीपाळीने तेच पाच टॅब उघडा, जीमेल, यूट्यूबवर एक व्हिडिओ, एक मराठी पेपरची साइट, महावितरणचं बिलाचं पान आणि मुलांचा ऑनलाइन क्लास, मग कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीचा कॉलम बघा. एक संपवून पूर्ण बंद करा मगच दुसरा उघडा, दोन्ही एकदम चालू ठेवून मोजलं तर काही कळणार नाही. ब्राउझरच्या आत कुठला टॅब रॅम खातोय ते बघायचं असेल तर क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट एस्केप दाबा, त्यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आणि एजमध्ये स्लीपिंग टॅब्स नावाची सोय आहे, वापरात नसलेले टॅब झोपवते, ती चालू ठेवा. आणि मशीनमध्ये जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या, ब्राउझर बदलून जितका फरक पडेल त्याच्या कितीतरी पट त्याने पडतो.

दोन्ही ब्राउझरमध्ये सगळंच हळू चालत असेल तर दोष बहुतेक ब्राउझरचा नसतो, नेटचा किंवा मशीनचा असतो, पावसाळ्यात तर नेट आधी तपासा.

आता खरी परीक्षा, म्हणजे आपल्याकडच्या कामाच्या साइट. ठाण्यात असाल तर ठाणे महापालिकेचा, नवी मुंबईत असाल तर नवी मुंबई महापालिकेचा मालमत्ता कर, महावितरणचं बिल, सिडकोच्या लॉटरीचा अर्ज, सातबारा, इन्कम टॅक्स, आणि तुमची बँक. या सगळ्या साइट तुम्हाला लागतातच, त्या दोन्ही ब्राउझरमध्ये एकदा लॉगिन करून बघा, शेवटच्या तारखेच्या रात्री नको, आधीच. पैसे गेले पण पावती दिसली नाही असं झालं तर घाबरून परत पैसे भरू नका, बऱ्याच साइट पावती पॉपअपमध्ये, म्हणजे आपोआप येणाऱ्या वेगळ्या खिडकीत, उघडतात आणि ब्राउझर तो अडवतो, ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह येतं किंवा वरती पट्टी येते, तिथून फक्त त्याच साइटला परवानगी द्या. सगळ्या साइटना सरसकट पॉपअप उघडायची मुभा देणारे लोक मी बघितलेत, तसं करू नका. एखादी फारच जुनी साइट असेल जी फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायची, तर तो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला पण एजच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट ब्राउझर म्हणून भाग आहे तिथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडची परवानगी देता येते आणि तेवढी साइट जुन्या पद्धतीने उघडते. क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये ही सोय नाही, एज ठेवायचं हे एक सरळ कारण. डिजिटल सिग्नेचरचा टोकन, म्हणजे ऑनलाइन सही करायचा पेन ड्राइव्हसारखा तुकडा, वापरत असाल, जसे सोसायटीचे सेक्रेटरी किंवा ज्यांचा छोटा धंदा आहे ते, तर टोकन लावून दोन्हीत सही करून बघा आणि ज्यात झाली तो ब्राउझर त्या कामाला पक्का करा.

आणि एज विंडोजमध्ये असतोच, आपल्याकडे तो सहजासहजी काढताही येत नाही, म्हणजे क्रोमियमवाली जागा आधीच भरलेली आहे. म्हणून मी बहुतेकांना सांगतो की बँक आणि सरकारी कामाला एज ठेवा, त्यात एकही एक्स्टेन्शन टाकू नका, आणि रोजच्या फिरण्याला फायरफॉक्स. अपवाद आहे, घरातल्यांचे सगळे फोन अँड्रॉइडचे असतील आणि पासवर्ड, बुकमार्क सगळं गूगलच्या खात्यात साठलं असेल तर क्रोमियमवाला म्हणून क्रोम घ्या, एजकडे दुर्लक्ष करा. फोनवर सेव्ह केलेलं पान घरी कॉम्प्युटरवर लगेच मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

रोजच्यासाठी फायरफॉक्सच का, तर जाहिराती. मराठी बातम्यांच्या साइट उघडून बघा, बातमी चार ओळी आणि भोवती जाहिरातींचा बाजार, त्यातच मोठ्ठं डाउनलोड लिहिलेलं बटण, लहान मुलं आणि वयस्कर माणसं तिथेच फसतात. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन ते सगळं थोपवतं, पण गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि क्रोममध्ये जुनं पूर्ण ताकदीचं यूब्लॉक चालेनासं झालं, तिथे आता त्याची लाइट आवृत्ती मिळते जी ठीक आहे पण तेवढी कडक नाही. फायरफॉक्समध्ये अजून पूर्ण चालतं. शिवाय एका साइटच्या कुकीज, म्हणजे साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी, दुसरीला वापरता येऊ नयेत म्हणून त्या वेगवेगळ्या ठेवायची सोय फायरफॉक्सने २०२२ पासून सगळ्यांना आपोआप चालू करून दिली. हे पण माहीत असू द्या की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलला डिफॉल्ट सर्च म्हणून ठेवण्याच्या करारातूनच येतं, तरीसुद्धा जाहिराती विकणाऱ्या कंपनीच्या ब्राउझरपेक्षा मला घरच्यांसाठी हा जास्त भरवशाचा वाटतो. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवणं आतच बसवलेलं आहे, काही टाकायला लागत नाही, ते चांगलंय, पण क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्डची चिन्हं आधी लपवून टाका मगच घरच्यांच्या हातात द्या. ऑपेराचं फुकटचं व्हीपीएन, म्हणजे तुम्ही कुठून नेट वापरताय ते लपवणारी सोय, फक्त त्या ब्राउझरपुरतंच असतं आणि ते चालू ठेवून बँकेत गेलात तर लॉगिन अडू शकतं, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मी ते सुचवत नाही.

आजी आजोबांसाठी मात्र एज फार कामाचा आहे. बातमी उघडायची आणि कंट्रोल शिफ्ट यू दाबायचं, तो मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीचे आवाज पण आहेत आणि उच्चार बऱ्यापैकी नीट असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटतं ते एकदा ऐकवून बघा. अक्षर मोठं करायला कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह सगळीकडेच चालतं, फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फक्त अक्षरं मोठी करायची आणि चित्रं तशीच ठेवायची अशी पण सोय आहे. कीबोर्डवरचं F9 चं बटण दाबलं की फायरफॉक्समध्ये बातमीचा नुसता मजकूर उरतो. जुन्या सरकारी पानावर किंवा फाइलमध्ये मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसली तर ब्राउझर बदलत बसू नका, ते जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, तो फॉन्ट नसेल तर कुठेच नीट दिसणार नाही.

टाकताना एक काळजी घ्या. सर्चमध्ये नाव टाकून पहिली लिंक दाबू नका, वरती जाहिरात असते आणि ती भलत्याच साइटची असू शकते, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. मग जुने बुकमार्क आणा, फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये जनरलमध्येच दुसऱ्या ब्राउझरमधून डेटा आणायचं बटण आहे. पासवर्ड जर सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या यादीची, फाइल काढून आणलेत तर काम झाल्याबरोबर ती फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिन पण रिकामा करा, त्यात सगळे पासवर्ड उघडे वाचता येतात. एकाच विंडोज खात्यावर सगळं घर बसत असेल तर बँकेचा पासवर्ड सेव्ह करूच नका, फायरफॉक्समध्ये प्रायमरी पासवर्ड, म्हणजे सेव्ह केलेल्या सगळ्या पासवर्डवरचं एक कुलूप, लावा, आणि जमलं तर प्रत्येकाला विंडोजमध्येच वेगळं खातं करून द्या, कटकट पहिल्या दिवशी होते नंतर नाही.

कुठलीही साइट नोटिफिकेशन पाठवू का विचारते तेव्हा घरातलं कोणीतरी हो म्हणतंच, आणि मग तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असे खोटे मेसेज कोपऱ्यातून यायला लागतात. दोन्ही ब्राउझरच्या प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशन विचारणंच बंद करून टाका, आणि आधी कोणाला परवानगी दिली गेली आहे ती यादी पण साफ करा.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे रोजचा ब्राउझर डिफॉल्ट करा. घरातल्या प्रत्येकाला सांगा की बँक या निळ्या हिरव्या चिन्हात आणि बाकी सगळं कोल्ह्याच्या चिन्हात. आठवडाभर वापरू द्या, मध्ये काय अडलं ते विचारा, आणि या दोघांशिवाय आधीचे जे तीन चार ब्राउझर पडून असतील ते अनइन्स्टॉल करा, कारण न वापरलेला, अपडेट न झालेला ब्राउझर मशीनवर ठेवण्यात काहीच फायदा नाही. उरलेले दोघं दर महिन्याला नवीन व्हर्जन आणतात, ते आपोआप उतरतं पण ब्राउझर बंद करून परत उघडल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून रात्री लॅपटॉप नुसता मिटून ठेवणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी दोन्ही पूर्ण बंद करा.