क्रॉसचं बटण शोधत बसू नका: टीव्ही आणि न्यूज साइटवरच्या जाहिरातींचा बंदोबस्त

बातमीची लिंक उघडायची, की आधी कुकीची पाटी, मग नोटिफिकेशन हवंय का, मग खालून सरकत वर येणारा व्हिडिओ, आणि हे सगळं बाजूला सारून पहिली ओळ वाचायला घ्यावी तर उशिरा लोड झालेली जाहिरात मध्येच घुसते, अख्खं पान खाली घसरतं आणि "पुढे वाचा"वर जाणारा अंगठा बरोब्बर जाहिरातीवर पडतो. हे एकेक बंद करत बसलात तर जन्म जाईल. तो कोपऱ्यातला क्रॉस बारीक ठेवलेला असतो तो तुमचा नेम चुकावा म्हणूनच, आणि कधीकधी तर तो क्रॉस म्हणजे जाहिरातीच्या चित्राचाच भाग असतो, दाबला की गेलात त्यांच्या साइटवर. त्यामुळे आलेली जाहिरात हाकलायची नाही, ती यायच्या आधीच अडवायची.

आधी कॉम्प्युटरचं बघू, कारण तिथे सगळ्यात सोपं आहे. पान उघडलं की तुमचा ब्राउझर नुसता त्या साइटकडून मजकूर आणत नाही, तो अजून ढीगभर सर्व्हरना हाका मारतो, तुमच्यासमोरची रिकामी चौकट लिलावात निघते, बोली लागते, जिंकेल त्याची जाहिरात येते, आणि हे सगळं सेकंदाच्या आत. ॲड ब्लॉकर काय करतो तर या हाकाच मारू देत नाही. म्हणून जाहिरात तर जातेच, वर पान पटकन उघडतं आणि डेटाही कमी जातो.

माझं मत विचाराल तर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका. रेमंड हिल नावाच्या माणसाने २०१४ मध्ये सुरू केलेलं आहे, फुकट आहे, आणि तो डोनेशनसुद्धा घेत नाही. नाव नीट वाचून घ्या हं, नुसतं "यूब्लॉक" वेगळं, "ओरिजिन" असलेलंच हवं. क्रोमवर मात्र आता हे पूर्ण ताकदीचं चालत नाही, गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले (मॅनिफेस्ट व्ही थ्री म्हणतात ते), त्यामुळे तिथे यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं, काम भागतं पण हात जरा बांधलेले. ॲडब्लॉक प्लस आधीपासून असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन "ॲक्सेप्टेबल ॲड्स"ची टिक काढा, २०११ पासून ते काही जाहिराती आपणहून सोडतात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी त्यांना पैसे देतात.

इथेच बरेच जण थांबतात आणि मग म्हणतात अजून कटकट आहेच. कारण कुकीच्या पाट्या, "ॲप डाउनलोड करा", "न्यूजलेटर घ्या" ही लचांडं जाहिरातीत मोडत नाहीत. यूब्लॉक ओरिजिनचा डॅशबोर्ड (त्याचं सेटिंगचं पान) उघडा, फिल्टर लिस्टमध्ये, म्हणजे काय काय अडवायचं त्याच्या याद्यांमध्ये जा, तिथे कुकी नोटिस आणि अनॉयन्सेस असे गट आहेत, ते मुळात बंद असतात, त्यांच्यावर टिक करा आणि वरचं अप्लाय दाबा. तरीही एखादा चिवट डबा राहिलाच तर त्याच्यावर राइट क्लिक करून "ब्लॉक एलिमेंट", क्रिएट, संपलं, पुढच्या वेळी त्या साइटवर तो दिसणार नाही.

रीडर मोड लोक वापरतच नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं. फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारच्या उजवीकडे पानाचं छोटं चिन्ह येतं, विंडोजवर एफ नाइन दाबलं तरी चालतं, सफारीत २०१० पासून आहे. दाबलं की नुसता मजकूर आणि फोटो राहतात, बाकी सगळा बाजार गुल. मोठा लेख वाचायचा असेल तर माझा हात आधी तिकडेच जातो.

आता फोन. अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाकलात तर त्यातही यूब्लॉक ओरिजिन चालतं, तेच सगळ्यात बरं. नाहीतर ब्रेव्ह ब्राउझर घ्या, त्याच्यात ब्लॉकर आतच असतो. आयफोनवर सफारीसाठी कंटेंट ब्लॉकर ॲप मिळतात, टाकल्यावर सफारीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, हे विसरलं की मग लोक म्हणतात ॲप फालतू आहे. आणि आयफोनवर iOS १८ (२०२४ मध्ये आलेली सिस्टिम) किंवा त्यानंतरची असेल तर सफारीतच "हाइड डिस्ट्रॅक्टिंग आयटम्स" आहे, नको त्या डब्यावर बोट ठेवायचं, तो विरून जातो.

ॲपमधल्या जाहिरातींसाठी दुसरा उपाय, प्रायव्हेट डीएनएस (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा). अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. ॲडगार्डसारख्यांचा फुकट डीएनएस पत्ता त्यांच्या साइटवर मिळतो, तो तिथे टाकून सेव्ह करायचं. मग फोनने जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता विचारला की उत्तरच मिळत नाही. पण मजकूर आणि जाहिरात एकाच सर्व्हरवरून येत असेल तर हा उपाय लंगडा पडतो, म्हणूनच यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, उगाच डोकेफोड करू नका.

नोटिफिकेशन तर मुळासकट उपटा. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनवर जा, "कोणालाही विचारू देऊ नका" अशा अर्थाचा पर्याय निवडा, आणि खाली आधी परवानगी दिलेल्या साइट दिसतील त्या एकेक काढून टाका. त्या यादीत अशी नावं सापडतात की आपण इथे कधी गेलो होतो तेच आठवत नाही.

टीव्हीचं दुखणं वेगळं, तिथे ब्लॉकर नाही. गंमत म्हणजे रिमोटचा जन्मच या वैतागातून झालाय असं म्हटलं तरी चालेल, झेनिथ कंपनीचा फ्लॅश-मॅटिक १९५५ मध्ये आला तेव्हा तो लांबलचक जाहिरातींचा आवाज घालवता येतो असं सांगूनच विकला होता (म्हणजे जाहिरातींवरच्या उपायाची जाहिरात!). म्यूटचं बटण अजूनही पहिलं हत्यार आहे, पण जाहिरात इतकी का कोकलते ते कळलं तर त्याच्याही पुढे जाता येतं. आवाजाची कमाल पातळी कार्यक्रमाची आणि जाहिरातीची सारखीच असते, पण जाहिरातीत हळू आवाजच ठेवत नाहीत, सगळं दाबून वरच्या पट्टीत आणलेलं असतं, म्हणून कान किटतात. काही देशांत यावर कायदे आहेत, अमेरिकेत २०१० मध्ये झाला, तरी घरच्या घरी करायचं ते असं की टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ऑटो व्हॉल्यूम, व्हॉल्यूम लेव्हलर किंवा नाइट मोड असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. सिनेमा बघताना परत बंद करा, नाहीतर सिनेमाही सपाट ऐकू येतो.

खरा उपाय मात्र उशिरा बघणे. सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्डिंग असेल तर तासाभराचा कार्यक्रम लागला की रेकॉर्डला टाका, आपलं काम आवरा, वीसेक मिनिटांनी सुरुवातीपासून लावा आणि प्रत्येक ब्रेक पळवत चला, शेवटाला लाइव्हच्या आसपास पोचता. मॅचलाही हे चालतं, फक्त तेवढा वेळ फोन उलटा ठेवा, कोणीतरी ग्रुपवर स्कोअर टाकतोच. स्ट्रीमिंगच्या स्वस्त प्लॅनमध्ये हे जमत नाही, तिथे बऱ्याचदा जाहिरात सर्व्हरवरच व्हिडिओला शिवून पाठवतात, ब्लॉकरला दोन्हीतला फरकच कळत नाही. न्यूज चॅनलवर तर ब्रेक संपला तरी चित्र आकसून बाजूला आणि खाली जाहिरातीची पट्टी चालूच असते, त्याला काही इलाज नाही, बातमी वाचा, बघू नका.

स्मार्ट टीव्ही असेल तर अजून एक करा. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये "ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन" किंवा "व्ह्यूइंग डेटा" अशा नावाने एक टिक असते, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते टीव्ही ओळखून कंपनीला कळवतो. ती काढा, आणि तिथेच इंटरेस्ट बेस्ड ॲड्सचीही. जाहिराती कमी होणार नाहीत, पण निदान तुमच्यावर पाळत ठेवून तरी येणार नाहीत.

आता ज्या साइटची पत्रकारिता तुम्ही रोज फुकट वाचता आणि जी वाचताना तुमच्या नाकी नऊ आणत नाही, तिथे ब्लॉकर बंद ठेवा, यूब्लॉक ओरिजिनचं मोठं पॉवर बटण दाबलं की तेवढ्या साइटपुरता तो थांबतो. वर्गणी परवडत असेल तर अजून उत्तम, पगार त्यातूनच निघतात.

आणि "ॲड ब्लॉकर बंद करा" म्हणून भिंत उभी राहिलीच तर लगेच शरण जाऊ नका. आधी फिल्टर लिस्ट अपडेट करून पान पुन्हा लोड करा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर रीडर मोड. तेही नाही झालं तर बातमीचं शीर्षक सर्चमध्ये टाका, वृत्तसंस्थेची बातमी असेल तर तीच शब्द न् शब्द दुसऱ्या साइटवर मिळते.