छोट्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ: आधी शटर ठरवा

खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ बिघडतो तो लेन्सपेक्षा ऑटोमुळे जास्त. शॉट चालू असताना उजेड आणि रंग मधेच बदलले की लगेच खटकतं. म्हणून व्हिडिओ मोडमध्ये एम (मॅन्युअल, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं) निवडा आणि सुरुवात शटरपासून करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो त्यापासून.

शटरचा खालचा आकडा फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स त्याच्या, साधारण दुप्पट हवा: २५ फ्रेम्सना १/५०, ३० ना १/६०, ५० ना १/१००. १/१००० ठेवलं तर प्रत्येक फ्रेम कोरीव येते, हालचालीचा धूसरपणा उरत नाही आणि चालणारा माणूस तुटक सरकतो. घरातल्या दिव्यांचाही इथेच संबंध येतो. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. १/५० किंवा १/१०० वर ते थांबतात. ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२०. काही एलईडी याला दाद देत नाहीत. तिथे स्क्रीनकडे बघत शटर थोडं पुढेमागे करा.

खरी अडचण उन्हात येते. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० असताना कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ २२ च्या आसपास लागतं; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. एवढं बारीक छिद्र छोट्या कॅमेऱ्यात बहुधा नसतंच, आणि एक इंची सेन्सरवर एफ ८ च्या पुढे चित्र मऊ पडू लागतं. उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी गडद काच. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. तीन स्टॉपचा एनडी ८ लावला की एफ ८ वर काम होतं, चार स्टॉपच्या एनडी १६ ने एफ ५.६ वर. काही कॅमेऱ्यांत एनडी आतच असतो, मेनूत शोधा. फिल्टर नसेल तर सावलीत जा. तेही जमत नसेल तरच शटर वेगवान करा.

घरात उलटं करा: छिद्र पूर्ण उघडा, मग गरजेपुरता आयएसओ चढवा. शटर १/५० पेक्षा संथ करू नका, हलणारं सगळं फरफटतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार पांढरं पांढरं दिसावं यासाठीची सेटिंग, लॉक करा. उन्हात ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३००० च्या आसपास. मिश्र उजेडात पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या.

स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने येणारा थरथराट कमी करणारी सोय) हातात धरताना चालू, ट्रायपॉडवर बंद. इलेक्ट्रॉनिक प्रकारात फ्रेमच्या कडा कापल्या जातात, म्हणून थोडं मागे उभे राहा. अंधारात चालत शूट केलं तर चित्र स्थिर दिसतं, पण मधूनमधून धूसर थरथरतं, कारण प्रत्येक फ्रेममध्ये आधीच उतरलेला धूसरपणा ते पुसू शकत नाही. डिजिटल झूम कायमचा बंद ठेवा.

फोर-के १०० मेगाबिटला तासाला सुमारे ४५ जीबी जागा घेतं; व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड वापरा. लांब कार्यक्रमात छोटी बॉडी तापून बंद पडू शकते, तिथे फुल एचडीच बरं.

शूटआधी त्याच जागी दहा सेकंदांची क्लिप घ्या आणि ती मोठी करून चेहऱ्यावरचा फोकस, दिव्यांचे पट्टे आणि वाऱ्याचा आवाज तपासा.