निकालानंतर गाव जोडायचं कसं? नव्या सरपंचांसाठी आणि सदस्यांसाठी

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं, तरी गावात दोन पॅनेल पडतात आणि गुलाल धुतला गेल्यावरही ती तशीच राहतात. किराणा कुठल्या दुकानातून आणायचा, कुणाच्या पूजेला जायचं, यात्रेची वर्गणी कुणाच्या हातात द्यायची, सगळं पॅनेल बघून ठरतं. २०२२ पासून महाराष्ट्रात सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जाऊ लागला आणि त्यात आणखी एक पेच आला. सरपंच एका पॅनेलचा, सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं. अशा गावांत एकमेकांचे ठराव अडवण्यातच पाच वर्षं निघून जाऊ शकतात.

पुढचं सगळं मुख्यतः निवडून आलेल्यांसाठी आहे. पडलेले उमेदवार, बचत गटाच्या अध्यक्षा, पोलीस पाटील, तरुण मंडळाची पोरं यांनाही त्यातलं बरंच कामाला येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो: ग्रामसभेच्या तास-दोन तासांत फारसं काही घडत नाही. सभेआधीचे पंधरा दिवस आणि सभेनंतरचे तीन महिने जो नीट सांभाळतो, त्याचं गाव जुळतं.

पहिला महिना: हरलेल्यांच्या ओट्यावर

सत्कार, हार-तुरे, आमदारांकडची फेरी हे होतच राहतं. त्यातून वेळ काढून पडलेल्या उमेदवारांच्या घरी जा. एकटे जा, सोबत चार कार्यकर्ते असले की ती भेट राहत नाही, मिरवणूक होते. चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही प्रचारात जी कामं सांगत होता, त्यातलं कोणतं आधी घ्यायचं?’ जे सांगतील त्यातलं किमान एक काम खरोखर पहिल्या वर्षात घ्या आणि ते कुणी सुचवलं हे ग्रामसभेत नाव घेऊन सांगा. तुमच्याच पॅनेलमधले काही जण यावर कुरकुरतील. कुरकुरू द्या.

त्यानंतर वाड्या-वस्त्यांवर जा. प्रचारात गेला होता तिथंच पुन्हा गेलं की लोक चमकतात, कारण निकालानंतर त्यांच्या दारात सहसा कुणी येत नाही. बीड, अहिल्यानगरकडच्या गावांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नसतातच. घरकुलाची यादी किंवा वस्तीचा रस्ता असे त्यांचे विषय तेव्हा घेऊन ‘कुणी हरकत घेतली नाही’ असं लिहिणं कायद्यात बसेल, पण गाव त्यानं तुटतं. हे विषय १ मे किंवा १५ ऑगस्टच्या आसपासच्या सभेसाठी राखून ठेवा.

दोन्हीकडची ऊठबस असलेली माणसं शोधा

एक साधी वही घ्या. गावात कुणाचं कोण ऐकतं, हे तिच्यात लिहा. भजनी मंडळाचे विणेकरी, आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त गुरुजी, दूध संकलन केंद्रावर माप घेणारा मुलगा, ट्रॅक्टर भाड्यानं देणारा. तुम्हाला यातली अशी माणसं हवी आहेत, ज्यांचं दोन्ही गटांत येणं-जाणं आहे. ती सहसा पुढारी नसतात आणि त्यांना व्यासपीठावर बसायची हौसही नसते. दूध केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दोन्ही पॅनेलची माणसं एकाच रांगेत किटल्या घेऊन उभी असतात. गावात काय शिजतंय ते तिथं कळतं आणि एखादी गोष्ट सांगायची असेल तर फलकापेक्षा तिथून लवकर पोचते.

ग्रामसभा: इथं घाई करू नका

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जो आकडा कमी असेल, तितके लोक हवेत. ही अट फार जड नाही. तरीही कितीतरी गावांत सभा कोरमअभावी तहकूब होते, मग तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही या सोयीवर दहा-बारा जणांत उरकली जाते आणि शिपाई सह्यांची वही घेऊन घरोघर फिरतो. लोक येत नाहीत, कारण येऊन काही ठरत नाही हे त्यांनी बघितलेलं असतं.

म्हणून पहिल्या सभेपासूनच चार-पाच सवयी लावून घ्या.

विषयपत्रिका आठवडाभर आधी लावा आणि बोलीत लिहा. ‘पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून प्रस्तावित कामांना मंजुरी’ हे वाचून कोण येणार? ‘मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंतची गटार यंदा करायची की पुढच्या वर्षी’ असं लिहिलं की त्या आळीतली माणसं येतात. देवळाचा भोंगा, मशिदीचा भोंगा, घंटागाडी, जे असेल त्यावरून आदल्या दिवशी दवंडी द्या. ‘ऐनवेळचे विषय’ या शीर्षकाखाली मोठं काही कधीच घेऊ नका. गावात अविश्वास पेरायला तेवढं एक शीर्षक पुरतं.

सभेची सुरुवात मागच्या ठरावांपासून करा. प्रत्येक ठरावाचं काय झालं ते सांगा: झालं, अडलं, पैसेच आले नाहीत. अडलं असेल तर कुठल्या टेबलावर अडलंय तेही सांगा. लोक एकवेळ अपयश पोटात घालतात, पण गप्प बसलेला सरपंच त्यांच्या डोक्यात जातो.

वादाचा विषय पहिल्याच सभेत मताला टाकू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावानं निर्णय सर्वसहमतीनं घेण्याची पद्धत बसवली. एखाद्याचा खरा विरोध असेल तर विषय पुढं ढकलायचा आणि पुन्हा बोलायचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागचा अभ्यास गट मात्र फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. तिथली माणसं कायदा, जंगल, बांबू, असा एकेक विषय घेऊन सभेबाहेर बसून समजून घेत आणि मग सभेत बोलत. २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मागे ही अशी बरीच वर्षांची बैठक होती. तुमच्या गावात जंगल नसेल, पण गायरान असेल, तलावाचा लिलाव असेल, दफनभूमीचा रस्ता असेल. अशा विषयावर आधी दोन्ही गटांतल्या सहा-सात जणांना महिनाभर कागद वाचायला बसवा.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: लोक उठायच्या आत ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून मोठ्यानं वाचून दाखवा, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट. सभेत बोललं गेलं एक आणि वहीत उतरलं दुसरं, इथून गावातली निम्मी भांडणं सुरू होतात.

महिला सभा कागदावर ठेवू नका

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी त्याच सकाळी अर्धा तास आधी, तीच वही, त्याच सह्या. ती निदान दोन दिवस आधी घ्या आणि वेळ बायकांना विचारून ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला कोण येईल? तिथं निघालेले विषय ग्रामसभेत सर्वांत आधी घ्या आणि ज्यांनी मांडले त्यांनाच बोलू द्या. सरपंच बाई असतील तर खुर्चीवर त्याच बसतील आणि त्यांचे यजमान लोकांत बसतील, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं पहिल्या दिवशीच विनम्रपणे सांगावं. पुढं ते सांगणं अवघड होत जातं.

बायकांपासून सुरू झालेले निर्णय टिकतात, याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. कोरोनानंतर मुलं मोबाइल सोडेनात, तेव्हा ऑगस्ट २०२२मध्ये आधी महिलांची बैठक झाली आणि मग गावानं ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला लोक ऐकत नव्हते. आशा, अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरले. या निर्णयात सरकारी निधीचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूरच्या हेरवाडनं विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं.

पहिलं काम लहान घ्या, मग पाण्याकडं वळा

निवडून आल्या आल्या सभागृह बांधायला काढू नका. महिन्याभरात संपेल असं काम घ्या: स्मशानभूमीची सफाई, शाळेचं कुंपण, बंद पडलेला हातपंप. श्रमदानाची हजेरी घ्यायची ती आळीप्रमाणे, पॅनेलप्रमाणे नव्हे. काम संपलं की तिथंच पोहे, चहा. दोन गटांतली माणसं एकाच घमेल्याला हात लावून बरेच दिवस झालेले असतात, ते आधी होऊ द्या.

मग पाणी. हिवरे बाजारचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढं जात नाही, आणि घ्यायलाही हवं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात पोपटराव पवार १९८९-९०च्या सुमाराला सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी ही तिथली पंचसूत्री आता सगळ्यांना पाठ आहे. पण गाव बांधून ठेवणारी खरी गोष्ट मला पाण्याचा ताळेबंद वाटते. पावसाळा संपला की किती पाऊस झाला, विहिरींना किती पाणी आहे हे मोजायचं, माणसं-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही.

हिशेब सोपा आहे, तुम्हीही करू शकता. एका हेक्टरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावात ४०० मिलीमीटर पाऊस पडला तर ४०० कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच वाफ होतं. शाळेतल्या मुलांकडून पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवून घ्या, दर महिन्याला ठरलेल्या आठ-दहा विहिरींची पातळी दोरीनं मोजा आणि आकडे चावडीवर रंगवा. ‘त्याच्या बोअरमुळं माझी विहीर आटली’ हे भांडण आकड्यांसमोर बरंच मऊ होतं.

हिशेब आणि पट्टी

जमा-खर्च दर तीन महिन्यांनी फळ्यावर लावा, मोठ्या अक्षरात, ठेकेदाराच्या नावासह. घरपट्टी-पाणीपट्टी मागताना बदल्यात काहीतरी दिसू द्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्या कुटुंबांना गिरणीवर दळण मोफत करून दिलं होतं. ही योजना जशीच्या तशी तुम्हाला परवडेलच असं नाही. पट्टी भरली की काय मिळतं, हे मात्र लोकांना सांगता यायला हवं.

भांडणं मिटवताना कुठं थांबायचं

बांधाचं, वाटेचं, पाण्याच्या पाळीचं भांडण गावात मिटलं तर उत्तमच. २००७मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेनं त्यासाठी समित्या दिल्या, काही गावांत त्या अजून बसतात. समितीत दोन्ही गट, बायका आणि दलित वस्तीतली माणसं हवीतच.

पण बाईला मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीवरून झालेला अन्याय हे मिटवायचे विषय नाहीत. तिथं पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जाणं एवढंच पुढाऱ्याचं काम. ‘गावाची बदनामी होईल’ असं म्हणून दाबलेलं प्रकरण ज्याच्यावर बेततं, त्याच्यापुरतं गाव कायमचं संपतं. तसंच, ‘गावानं ठरवलंय’ म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकणं हा २०१६च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एकीच्या नावाखाली माणसाला एकटं पाडणारी गावं मी एकोप्याची गावं मानत नाही.

ग्रुप, गणपती आणि बाहेरगावची मंडळी

गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा. लिहायची मुभा चौघांना, त्यात एक विरोधी गटाचा. चर्चा हवीच असेल तर पार आहे.

सणांचं मात्र वेगळं. सांगलीच्या गोटखिंडीत १९८०पासून गणपती मशिदीत बसतो, आणि हे काही वरून आलेल्या आदेशानं झालेलं नाही. तुमच्या गावात ‘एक गाव एक गणपती’ करायचं असेल तर ते आषाढातच बोलून ठेवा. मंडळांनी मांडव-ढोलाची सुपारी दिली की कुणी मागं फिरत नाही. अध्यक्षपद आळीपाळीनं फिरवा. पुण्या-मुंबईची माणसं यात्रेला येतात, तेव्हा त्यांच्याकडं नुसती वर्गणी मागू नका. कुणी बँकेत असतो, कुणी नर्स, कुणी महापालिकेत पाणी खात्यात. एका दुपारी शाळेत बसवून दहावी-बारावीच्या मुलांशी त्यांची गाठ घालून द्या.

चौथ्या वर्षापासून

पुढच्या वेळी तुमचा वॉर्ड किंवा सरपंचपद दुसऱ्या प्रवर्गासाठी आरक्षित होऊ शकतं, ही गोष्ट पुढारी शेवटच्या सहा महिन्यांत आठवतात आणि मग आपल्याच घरातलं कुणीतरी उभं करतात. त्यापेक्षा चौथ्या वर्षी ग्रामसभेचं सूत्रसंचालन, पाण्याच्या नोंदी, हिशेबाचा फळा ही कामं वेगवेगळ्या आळ्यांतल्या तरुण मुला-मुलींकडं सोपवा. चुकले तर सभेत टोकू नका, नंतर सांगा. पाण्याची वही, अपुऱ्या ठरावांची यादी आणि कोणता प्रस्ताव पंचायत समितीत किती तारखेला दिला त्याच्या पोच-पावत्या ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, स्वतःच्या घरी नेऊ नका. नवा सरपंच दुसऱ्या पॅनेलचा आला, तरी कपाटाची किल्ली आणि ती वही त्याच्या हातात देताना एकदा शेजारी बसून सगळी पानं उलगडून दाखवा.