भाजीच्या ट्रेखाली साचणारं पाणी: माझा अनुभव

पावसाळ्यात आमच्या डबल डोअर फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेखाली रोज पाणी साचू लागलं. कोथिंबिरीची जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडायची. वरच्या फ्रीजरच्या तळाशी मात्र बर्फाचा गुळगुळीत थर. मेकॅनिक म्हणाला, "गॅस भरावा लागेल." मला ते पटेना, कारण थंडपणा अगदी व्यवस्थित होता.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कॉइलवरचा (म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरचा) बर्फ हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. ते पाणी एका नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. नळी तुंबली की पाणी फ्रीजरमध्येच गोठतं, नाहीतर खाली गळतं. दमट हवेत दार वारंवार उघडलं की कॉइलवर बर्फही जास्त धरतो.

मी प्लग काढला, सामान शेजारच्या काकूंकडे ठेवलं आणि दारं रात्रभर उघडी ठेवली. सकाळी फ्रीजरचं मागचं पॅनल स्क्रू काढून अलगद सोडवलं. कॉइलखालच्या पन्हळीत छोटं भोक दिसलं. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने त्यात कोमट पाणी सोडलं. उकळतं नको, प्लॅस्टिक तडकतं. आधी पाणी तसंच तुंबून राहिलं, मग मागच्या नळीतून काळपट, बुळबुळीत गाळ आणि मटाराचं एक सालपट बाहेर पडलं! पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत राहिले. मागचा ट्रेही घासून घेतला.

बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीही खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस खरोखरच जाईल.