हरणाच्या शिकारीसाठी रायफल: आधी नीट बसायला शिका

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाच्या शिकारीला बंदी आहे. हा लेख अमेरिकेत, म्हणजे पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत, प्रशिक्षण घेऊन आणि परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जाणाऱ्यांसाठी आहे.

सराव घरीच सुरू करा. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

झोपून नेम सर्वांत स्थिर राहतो. पण जंगलात गवत आणि झुडपं आडवी येतात, समोरचं काही दिसत नाही. म्हणून खरी मेहनत बसून नेम धरण्यावर घ्या. स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असे तीन पवित्रे असतात, बसून नसतो. शिकाऱ्याला मात्र तोच सर्वांत जास्त साथ देतो.

तुम्ही उजवे असाल तर लक्ष्याच्या रेषेपासून अंग थोडं उजवीकडे वळवून बसा. पाय फाकवा, टाचा जमिनीत रोवा, कमरेतून पुढे वाका. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नका, हाडावर हाड घसरतं. कोपराच्या जरा वरचा, दंडाचा मऊ भाग गुडघ्याला टेकवा.

आता नेम धरून डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम सरकला असेल तर हातांनी ओढून आणू नका, बैठकच थोडी फिरवा. ही तपासणी प्रत्येक पवित्र्यात करा. श्वास सोडल्यावर क्षणभर अंग शांत होतं, तेवढ्यात चाप हळूहळू दाबा.

गवत उंच असेल तर उजवा गुडघा टेकून टाचेवर बसा आणि डावा दंड डाव्या गुडघ्यावर ठेवा. उभ्याने मारायची वेळ आलीच तर झाडाचा आधार घ्या: डावा तळहात खोडावर सपाट, अंगठ्याच्या बेचक्यात रायफलचा पुढचा दस्ता. नळी खोडाला टेकू देऊ नका, गोळी भलतीकडे जाते.

मग रेंजवर जा. सुमारे २० सेंटिमीटरची कागदी थाळी लावा. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. प्रत्येक पवित्र्यातून पाच गोळ्या मारा. एक जरी थाळीबाहेर गेली तर अंतर कमी करा. पाचही आत बसतात तीच त्या पवित्र्यातली तुमची हद्द. त्यापलीकडे हरीण दिसलं तर चापाला बोट लावू नका, कारण जखमी जनावर मैलभर तडफडत पळतं. हद्दीत असलं तरी त्याच्यामागे गोळी अडवणारा मातीचा चढ आहे ना, ते आधी पाहा.

शेवटचे काही दिवस नोव्हेंबरच्या थंडीतला जाड कोट आणि हातमोजे घालून, पाठीवर पिशवी घेऊन सराव करा. उभे राहा, खाली बसा, नेम धरा. कोटामुळे दस्ता खांद्यात वेगळा बसतो, ते घरीच कळलेलं बरं.