पोची ‘द रेव्हन’ कशी वाचावी

एडगर ॲलन पो या अमेरिकी कवीची ‘द रेव्हन’ ही कविता एकदा वाचली की मनात राहतो तो काळा पक्षी, कावळ्याच्या कुळातला रेव्हन. पण कविता उलगडते ती त्याला विचारलेल्या प्रश्नांमधून. पक्ष्याला एकच शब्द येतो, ‘नेव्हरमोअर’, म्हणजे पुन्हा कधीच नाही. याच्याकडून दुसरं काही मिळणार नाही हे निवेदकाला लवकरच कळतं. तरी तो विचारत राहतो, आणि प्रश्न असे निवडतो की त्या ठरलेल्या उत्तरानं जखम आणखी खोल जावी. हे सूत्र हाताशी ठेवून वाचलं तर कवितेतल्या फार थोड्या जागा अडतात.

पोची ही कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग मिरर’मध्ये आली. एकूण १८ कडवी, प्रत्येकात ६ ओळी, म्हणजे १०८ ओळी. गोष्ट छोटी आहे. डिसेंबरची मध्यरात्र, विझत आलेली शेगडी, पुस्तकात डोकं खुपसून बसलेला एक तरुण. त्याची प्रेयसी लेनोर वारली आहे. दारावर टकटक होते, दार उघडतो तर बाहेर नुसता अंधार. मग खिडकीपाशी आवाज येतो. खिडकी उघडताच एक रेव्हन ऐटीत आत येतो आणि दारावरच्या पॅलस या ग्रीक देवतेच्या अर्धपुतळ्यावर जाऊन बसतो. पुढची सगळी कविता या दोघांत घडते.

पहिलं वाचन मोठ्यानं करा, शब्दकोश बाजूला ठेवून. आठ-दहा मिनिटं पुरतात. अर्थ सुटला तर सुटू द्या. ही कविता आधी कानातून शिरते. इथे मराठी वाचकाची एक चूक हमखास होते: सवयीनं लघु-गुरू मोजायला जातो आणि काहीच जुळत नाही. इंग्रजी छंद आघातावर, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर, चालतो. पहिली ओळ घ्या: ‘वन्स अपॉन अ मिडनाइट ड्रिअरी, व्हाइल आय पॉन्डर्ड, वीक अँड वीअरी’. वन्स, पॉन, मिड, ड्रिअ, व्हाइल, पॉन, वीक, वीअ या आठ जागी टेबलावर बोट आपटा. प्रत्येक आघातामागे एक हलकं अक्षर येतं, मिळून १६. पहिली आणि तिसरी ओळ अशी पूर्ण भरते. दुसरी, चौथी आणि पाचवी १५ अक्षरांवर, शेवटच्या आघातावरच तुटते. सहावी तर सातच अक्षरांची: ‘ओन्ली धिस अँड नथिंग मोअर’. लांब ओळींच्या ओघात आलेला कान तिथे थबकतो, आणि कडव्याचा सगळा भार त्या आखूड ओळीवर येतो. दुसऱ्या ओळीतलं ‘मेनी अ’ आणि ‘क्युरिअस’ सुटं सुटं म्हटलं तर मोजणी चुकते. ते जोडून, घाईनं म्हणायचं.

यमकांकडे दोन ठिकाणी पाहा. दुसरी, चौथी, पाचवी आणि सहावी ओळ प्रत्येक कडव्यात ‘ओर’ या ध्वनीवर संपते. लेनोर, डोअर, फ्लोअर, शोअर, मोअर. १०८पैकी ७२ ओळी एकाच आवाजात मिटतात. निवेदक त्या नावाभोवती फिरतोय हे अर्थाआधी ध्वनीच सांगून टाकतो. दुसरी जागा ओळीच्या पोटात. तिसऱ्या कडव्यात ‘अन्सर्टन’ला लगेच ‘कर्टन’ भेटतो. मग ‘बीटिंग’, ‘रिपीटिंग’, आणि पुढच्या ओळीच्या मध्यावर ‘एन्ट्रीटिंग’. तिसऱ्या ओळीचं यमक चौथीच्या मध्यात सांडतं, म्हणून ओळ संपली तरी श्वास घेता येत नाही. याच कडव्यात जांभळ्या पडद्यांची सळसळ आहे: ‘सिल्कन, सॅड, अन्सर्टन’. तिन्ही शब्दांतला ‘स’ ठळक म्हणा, पडदा ऐकू येईल.

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या आणि प्रत्येक कडव्याचा शेवटचा शब्द समासात लिहा. पहिल्या सात कडव्यांत ‘नथिंग मोअर’ येतं, फक्त दुसऱ्यात ‘एव्हरमोअर’. आठव्यापासून अठराव्यापर्यंत अकरा वेळा ‘नेव्हरमोअर’. पण त्या अकराही वेळा पक्षी बोलत नाही. तो बोलतो सहाच वेळा: आठवं, दहावं, आणि चौदा ते सतरा. बाकी ठिकाणी तो शब्द निवेदकाच्या तोंडचा आहे. तेराव्यात मखमली आसनावर ती पुन्हा कधी टेकणार नाही असं तो स्वतःच म्हणतो. पक्ष्याचा शब्द माणसाच्या विचारात मुरला, ही घटना कवितेत कुठेही सांगितलेली नाही. ती अशी मोजल्यावरच दिसते.

आता ते सहा प्रसंग नीट पाहा. आठव्यात तो थट्टेनं नाव विचारतो. दहाव्यात पुटपुटतो की हाही उद्या निघून जाईल. उत्तर ऐकून तो दचकतो, पण अकराव्यात त्याचा खुलासाही करतो: कुणा दुर्दैवी मालकाकडून हा एवढाच शब्द शिकला असणार. खुलासा पटण्याजोगा आहे, पाळलेले रेव्हन माणसाचे शब्द उचलतात. अकरावं कडवं दोनदा वाचा, कारण इथून पुढे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय निवेदकाला उरत नाही. आणि बाराव्यात तो काय करतो? गुबगुबीत खुर्ची ओढून थेट पक्ष्यासमोर बसतो. चौदाव्यात, विसरायचं औषध पिऊन टाक आणि लेनोरला विसर, असं स्वतःला बजावतो. उत्तर, कधीच नाही. पंधराव्यात विचारतो, या दुःखावर उतारा आहे का? कधीच नाही. सोळाव्यात सर्वांत धोक्याचा प्रश्न: मेल्यानंतर स्वर्गात तरी ती भेटेल का? इथे तो शेवटची आशा आपल्या हातानं पक्ष्याच्या चोचीत देतो. सतराव्यात प्रश्नच नाही, किंकाळी आहे: निघून जा, माझ्या काळजातून चोच काढ. तेही कधीच नाही.

हे दुखणं स्वतःवर ओढवून घेणं पोला अभिप्रेतच होतं. एप्रिल १८४६मध्ये ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये आलेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ या लेखात तो सांगतो की निवेदकाला असे प्रश्न विचारायला लावते ती काहीशी अंधश्रद्धा आणि काहीशी माणसाची स्वतःला छळण्याची तहान. आधी पोपट सुचला होता, हेही तिथेच आहे. ‘काळजातून चोच काढ’ हे कवितेतलं पहिलं रूपक, असंही तो नोंदवतो. म्हणजे तोवर पक्षी हा पक्षीच आहे. पहिल्या कडव्यापासूनच त्याला ‘मृत्यूचं प्रतीक’ ठरवणारी उत्तरं म्हणूनच कच्ची पडतात. हा लेख मात्र कविता दोन-तीनदा वाचून झाल्यावर हातात घ्या. पो सगळं गणितासारखं रचल्याचा दावा करतो आणि बऱ्याच समीक्षकांना तो दावा पटत नाही. लेख आधी वाचला तर कवितेत गणितच दिसत राहतं.

अडणारे संदर्भ मोजके आहेत. पॅलस म्हणजे अथीना, ग्रीकांची बुद्धीची देवता. काळा पक्षी बुद्धीच्या डोक्यावर बसतो हे विसरू नका. ‘प्लुटोनियन शोअर’ हा पाताळाचा किनारा. ‘नेपेन्थी’ हे होमरच्या ‘ओडिसी’त हेलन वाइनमध्ये मिसळते ते दुःख विसरायला लावणारं औषध. ‘बाम इन गिलियड’ म्हणजे गिलियडचा जखम भरणारा लेप; तो बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायातून आलाय. ‘एडन’ म्हणजे बायबलमधली ईडन बाग, इथे स्वर्ग या अर्थानं. पक्षी दारावर बसलेला असताना त्याची सावली जमिनीवर कशी पडते, हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. दिवा त्याच्याही वर, भिंतीला लावलेला आहे असं समजा, मग अडचण राहत नाही.

मराठी वाचकानं आणखी एक गोष्ट सांभाळायची. आपल्याकडे कावळा म्हणजे पिंडाला शिवणारा पितर, आणि ज्ञानेश्वरांच्या ‘पैल तो गे काऊ’मध्ये तर तो विठ्ठलाच्या येण्याचा शकुन सांगतो. त्यामुळे रेव्हन म्हणजे लेनोरचा आत्मा, किंवा तिचा निरोप, असं वाटून जातं. कवितेत याला आधार नाही. निवेदक त्याला प्रेषित म्हणतो आणि त्याच दमात सैतानही. दोन्ही त्याच्या मनाची नावं आहेत. लेनोर म्हणजे पोची वारलेली पत्नी, हेही तपासून लिहा. व्हर्जिनियाला १८४२पासून क्षय होता, पण ती गेली ३० जानेवारी १८४७ला, कविता छापून आल्यावर दोन वर्षांनी. आजारपणाची छाया मानता येईल, मृत्यूचा शोक मानता येणार नाही.

अठराव्या कडव्यात क्रियापदं तपासा. सतराव्यापर्यंत निवेदन भूतकाळात चालतं. इथे एकदम वर्तमानकाळ येतो, ‘स्टिल इज सिटिंग, स्टिल इज सिटिंग’. ती रात्र संपलेलीच नाही, हे या काळबदलातून कळतं. परीक्षेत शेवटावर प्रश्न आला तर सुरुवात या क्रियापदापासून करा.

दोन प्रतींत शब्द वेगळे दिसले तर गोंधळू नका. पो ही कविता नंतरही दुरुस्त करत राहिला. पाचव्या कडव्यात कुठे ‘डार्कनेस’ सापडेल तर कुठे ‘स्टिलनेस’. अभ्यासासाठी एकच प्रत धरा आणि अवतरणं तिच्यातूनच द्या.