कोकणात पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचंय? आधी जुलैत जाऊन या

मे महिन्यात गुहागरजवळ आम्ही एक घर पाहिलं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे सुरुची झाडं, समुद्राची गाज. आंब्याच्या पेट्या गाडीत भरता भरता हिचं आणि माझं ठरूनही गेलं की आपण चार दिवस राहू, उरलेलं वर्ष पर्यटकांना देऊ आणि हप्ता भाड्यातून सुटेल. इसाराचा चेक लिहायचा तेवढा बाकी होता. शेजारच्या काकी म्हणाल्या, "जुलैत एकदा येऊन बघा हो, मग काय ते ठरवा."

जुलैत गेलो. कुलूप गंजून बसलं होतं, ते उघडायला अर्धा तास गेला. आत गादी उचलली तर खालून काळी बुरशी. ओटीच्या पायरीवर शेवाळ. वीज आदल्या दिवशी दुपारी गेलेली, विहिरीवरची मोटार जळलेली, आणि दुरुस्ती करणारा माणूस चिपळूणहून दोन दिवसांनी येणार होता. चेक खिशातच राहिला. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणांना अशा घरांचा निर्णय घ्यायला मदत केली. त्यातून जो क्रम पक्का झाला तो पुढे देतोय. उदाहरण कोकणाचं आहे, कारण तेच मला माहीत आहे.

१. घर सर्वांत वाईट दिवसांत बघा

मेमध्ये किंवा डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर सुंदरच दिसतं. जुलैत दोन रात्री त्याच गावात राहा. छप्पर कुठे गळतं, फोनला रेंज किती, वीज गेली की किती तासांनी येते, शेवटचा अर्धा किलोमीटर रस्ता गाडीने जाण्याजोगा राहतो का, हे सगळं तेव्हाच कळतं. गावात चक्रीवादळाचीही चौकशी करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरांवरची कौलं-पत्रे उडाले, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आलं. तेव्हा या घराचं काय झालं होतं हे मालकाऐवजी शेजाऱ्याला विचारा.

तुमच्या राहत्या घरापासून तिथवरचा प्रवासही स्वतः मोजा. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. नकाशावरचे तास आणि गणपतीच्या आदल्या दिवशी लागणारे तास यांत फार अंतर आहे.

२. घराआधी माणूस शोधा

माझ्या मते अख्खा निर्णय इथेच होतो, आणि लोक नेमकं हेच शेवटी बघतात. तुम्ही पुण्यात किंवा नागपुरात. पाहुणे रात्री दहाला पोचतात आणि फोन येतो, "नळाला पाणी नाही." त्या क्षणी दहा मिनिटांत तिथे कोण जाणार? चादरी कोण धुणार, पाहुण्यांना जेवायला घरगुती मासे-भाकरी कोण करून देणार, बंद महिन्यांत आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या कोण उघडणार?

नुसता रखवालदार इथे पुरत नाही. गावात मान असलेलं, आलेल्या माणसाशी गोड बोलणारं, हिशेबाला चोख असं एखादं जोडपं लागतं. त्यांना बारा महिने पगार द्यावा लागतो, फक्त सीझनला नाही. भाड्यात वाटा दिलात तर आणखी चांगलं, घर त्यांचंही होतं. ज्या गावात असं कुणी सापडत नाही, तिथलं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या, असं मी मनापासून सांगतो.

३. कागदावर हिशेब मांडा, तोही रात्रींचा

विकणारा म्हणतो, "वर्षभर पाहुणे असतात." आपण रात्री मोजायच्या. पावसाळ्याचे चार महिने काढले की साधारण ३५ शनिवार-रविवार उरतात, म्हणजे ७० रात्री. मे, दिवाळी आणि नाताळ मिळून आणखी ३० धरा. या १०० रात्री म्हणजे जवळजवळ सगळं भरलं तर.

समजा घर ६० लाखांचं आणि भाडं रात्रीला ६,००० रुपये. वर्षाचे ६ लाख आले. आता खर्च. बुकिंगच्या साइटचं कमिशन १५ टक्के धरलं तर ९०,०००. सांभाळणाऱ्याला महिना १०,००० प्रमाणे १ लाख २० हजार. धुणं-सफाई ३०,०००. वीज, इंटरनेट, घरपट्टी ६०,०००. खाऱ्या हवेने ग्रील, नळ, फ्रिज सगळंच लवकर जातं, त्यामुळे दुरुस्तीला ६०,००० हवेतच. वर्षात तुमच्या स्वतःच्या सहा फेऱ्या ४२,०००. एकूण ४ लाख २ हजार. हातात उरले १ लाख ९८ हजार, त्यावरचा आयकर वेगळा.

४० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये, वर्षाचे ४ लाख १६ हजारांच्या पुढे. म्हणजे सगळं भरूनही महिन्याला अठरा हजार पगारातून जाणार. हप्ता भाड्यातून सुटेल असं आम्हीही म्हणत होतो.

आणखी एक गोष्ट हिशेबात सहसा येत नाही. ज्या रात्रींना सगळ्यांत जास्त भाडं मिळतं, त्याच रात्री आपल्याला, मेहुण्यांना आणि ऑफिसातल्या मित्रांना तिथे जायचं असतं. नातेवाइकांना काय सांगणार, हे आधीच घरात बोलून घ्या.

४. कागदपत्रं

वकील स्थानिकच घ्या, आणि विकणाऱ्याने सुचवलेला घेऊ नका. सातबारा डिजिटल सहीसकट १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तो स्वतः काढून वाचा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं नवीन नाही. निम्मे भाऊबंद मुंबईत, काही वारले, वारसनोंद झालेली नाही. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या नसतील तर पुढे पाऊल टाकू नका. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं (जमीन कसणाऱ्याचं) नाव किंवा बँकेचा बोजा आहे का ते पाहा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या अटींवर दिलेली असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन बिनशेती झालेली नसेल आणि तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नसेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती तुम्हाला घेताच येत नाही.

समुद्रालगत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे केंद्राचे नियम, वेगळे तपासा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. "पायरी उतरली की वाळू" असलेल्या घराची बांधकाम परवानगी आणि तिची तारीख नीट बघा. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, तिथे किनारा खचण्याचाही विचार करावा लागतो.

गाडीरस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून येत असेल तर वहिवाटीचा हक्क लेखी हवा. आज हसून वाट देणारा शेजारी उद्या जमीन विकू शकतो.

५. घ्यायचं कुणी?

कर्ज न काढता घेता येत असेल, सांभाळणारं जोडपं ठरलं असेल आणि एकही पाहुणा आला नाही तरी त्या गावात जायला आवडणार असेल, तर जरूर घ्या. गावात वडिलोपार्जित घर कुलूपबंद पडलं असेल तर नवीन घेण्याआधी ते दुरुस्त करायला किती लागतील याचा अंदाज काढा. जमिनीचा पैसा वाचतो आणि शेजार ओळखीचा असतो. आणि नुसतं सुट्टीला जायचं असेल तर वर्षाला दहा रात्री ६,००० ने राहिलात तरी ६० हजारच होतात. आम्ही तेच करतो, काकींच्या पलीकडच्या घरात उतरतो.

६. इसार देताना

रक्कम लहान ठेवा, चेकनेच द्या, आणि इसारपावतीत तीन गोष्टी लिहून घ्या: वकिलाने कागदपत्रं तपासल्यावर मालकी हक्कात दोष निघाला तर इसार पूर्ण परत, सगळे हिस्सेदार खरेदीखताला हजर राहतील, आणि विक्रीआधी सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड दाखवले जातील. हे लिहून द्यायला विकणारा कां-कूं करत असेल तर चेक खिशातून काढू नका.